आखाडातल्या मटणाच्या जेवणानंतर घरच्या कुकीजचं ताट कसं मांडायचं?

प्रश्न थोडक्यात असा: रविवारी घरी आखाडाचं जेवण आहे, तांबडा-पांढरा, वीस-बावीस माणसं. दरवेळी गोडाला आईस्क्रीमचे फॅमिली पॅक येतात. यंदा घरी केलेल्या कुकीज आणि सोबत वाट्यांमधून टॉपिंग्ज असं एक मोठं ताट मधोमध ठेवायचंय, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. घरात छोटा ओटीजी (विजेवरचा ओव्हन) आहे, बाहेर पावसाची झड लागलीय, आणि आजी माळकरी आहेत. किती करायचं, आधी काय करून ठेवायचं आणि सगळं मऊ पडू नये म्हणून काय करायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, बाकी सगळं त्यावरच ठरतं. असल्या ताटांचे फोटो बघताना आपण रंग बघतो, पण ताट बिघडतं ते ओलाव्यानं. जुलैत कोल्हापुरात हवाच इतकी ओली असते की उघडा ठेवलेला पापडसुद्धा तासाभरात वाकतो. त्यात डाळिंबाचे दाणे, श्रीखंड आणि चॉकलेट सॉस एकाच परातीत कुकीजला खेटून बसले, की पाहुण्यांचा पांढरा रस्सा संपेपर्यंत कडेच्या नानकटाया दमट झालेल्या असतात. म्हणून माझ्या ऑर्डरींना मी एकच नियम लावते: कुकी कोरडी, कमी गोड आणि धरायला दणकट, ओलं ते सगळं वाटीत, आणि दोघांची गाठ पडायची ती खाणाऱ्याच्या हातात. ताट भरायचं तेही शेवटची पंगत हात धुवायला उठते तेव्हा. सकाळी मांडून फ्रीजमध्ये ठेवलेलं ताट दिसायला कितीही छान असलं तरी दाताखाली त्याची मजा गेलेली असते.

आता हिशोब. मटण-भाकरी आणि भातावर रस्सा ओरपून झाल्यावर माणसाच्या पोटात जागा किती उरते हे आपल्याला ठाऊक आहे. माणशी चार लहान कुकीज पुष्कळ झाल्या. नुसतं चहापान असतं तर सहा धरल्या असत्या. लहान म्हणजे १५ ग्रॅमचा गोळा, भाजून दोन घासांत संपणारी. मोठ्या करू नका. मोठी कुकी लोक अर्धी मोडतात, उरलेली अर्धी परत ताटात ठेवतात आणि मग तिला कोणी हात लावत नाही. तीन प्रकारांची एकेक खेप केली की ८० च्या आसपास कुकीज होतात. पोरं दोन जास्त उचलतात, काकालोक एकीवर थांबतात, त्यामुळं बावीस माणसांना कमी पडत नाहीत.

तिन्ही प्रकार बिनअंड्याचे करा. माळकरी आजींसाठी वेगळा डबा काढून ठेवण्यापेक्षा सगळं ताटच त्यांना चालेल असं असावं. टॉपिंगमध्ये मार्शमेलो आणणार असाल तर पाकिटावरचा ठिपका बघा. बऱ्याच मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. हिरवा ठिपका असेल तरच घ्या.

पहिला प्रकार नानकटाई, आणि तीच ताटाचा कणा. १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम बारीक रवा, १२५ ग्रॅम तूप, ८० ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची. सगळी कला तुपात आहे. पातळ केलेलं तूप घेतलंत तर नानकटाई ट्रेवर पसरून चपटी होते. तूप गोठलेलं पण बोटानं दबणारं हवं. ते परातीत घेऊन तळव्यानं फेसायचं, आधी पिवळं आणि जड असतं, पाचेक मिनिटांत रंग फिका पडतो आणि हाताला हलकं लागायला लागतं. मग पिठीसाखर घालून पुन्हा फेसायचं. पिठं चाळून घातली की मळायचं नाही, नुसतं गोळा होण्यापुरतं एकत्र करायचं. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप घाला, पाणी घालू नका, पाण्यानं ती कडक होते. वीस मिनिटं झाकून ठेवा, मग १५-१५ ग्रॅमचे गोळे करून किंचित दाबा. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. वरून पांढुरकी आणि बारीक तडे गेलेली, खालून फिकी बदामी दिसली की बाहेर काढा. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून अजून पाच मिनिटं भाजायचा मोह आवरा. जाळीवर गार होता होताच ती खुसखुशीत होते.

दुसरा प्रकार नाचणी-गुळाची कुकी. १०० ग्रॅम नाचणीचं पीठ मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून पूर्ण गार करा, नाहीतर खाताना कच्चटपणा जिभेवर राहतो. त्यात १०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम तूप, ९० ग्रॅम गूळ, सुंठीची चिमूट, मीठ आणि लागलं तर एक-दोन चमचे दूध. गूळ किसून चाळून घ्या, कारण राहिलेला खडा ओव्हनमध्ये वितळून काळा डाग पडतो. गुळानं रंग लवकर चढतो, तेव्हा १६० अंशांवर चौदाव्या मिनिटापासून लक्ष ठेवा.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली तीच मुळी गुळाच्या व्यापारासाठी, त्यामुळं या शहरात केलेल्या गोड ताटात गूळ नसणं मला पटत नाही. मात्र गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. जुलैत दुकानात मिळतो तो साठवणीचा गूळ, पावसाळ्यात त्याला पाणी सुटलेलं असतं. ढेपेचा बाहेरचा ओलसर थर खरवडून बाजूला ठेवा, तो सॉसला वापरा. कुकीत आतला कोरडा गूळ घ्या. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असतो, पण कुकीत तो नुसता गोड लागतो. गडद तांबूस गुळाला चव जास्त. आणि एक गैरसमज इथंच मोडते: गुळाचं म्हणजे शुगरवाल्यांना चालतं, असं कोणी ताटापाशी म्हणालं तर हो म्हणू नका. गूळही बहुतांशी साखरच आहे.

तिसरा प्रकार पोरांसाठी चॉकलेटचा. ११० ग्रॅम मऊ लोणी (बाजारचं मीठवालं असेल तर वेगळं मीठ नको), ९० ग्रॅम पिठीसाखर, १६० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कोको, पाव चमचा खाण्याचा सोडा, लागेल तसं दूध, आणि डार्क चॉकलेटचे मूठभर तुकडे. १७० अंशांवर ११-१२ मिनिटं. हिच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, ही सहसा बिघडत नाही.

तिन्हीत साखर नेहमीपेक्षा थोडी कमी धरलीय, कारण वर गोड येणारच आहे. पण याहून फार कमी करू नका. साखर नुसत्या गोडीसाठी नसते, खुसखुशीतपणाही तिच्यामुळं येतो.

छोट्या ओटीजीत बहुतेक वेळा मागची बाजू जास्त तापते. अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवून घाला. १० मिनिटं आधी तापू द्या, दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खाचेत, आणि एका वेळी एकच ट्रे. एका ट्रेवर १२-१४ कुकीज बसतात, म्हणजे सहा-सात खेपा, सव्वादोन तास धरा. हे काम शुक्रवारी उरका. पावसात लाईटचा भरवसा नसतो, शनिवार हाताशी मोकळा असलेला बरा. दिवाळीच्या तोंडावर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायची पद्धत आपल्याकडे आहेच. ओळखीचा बेकरीवाला असेल तर एरवीही विचारून बघा, भट्टीतल्या नानकटाईची सर ओटीजीला येत नाही, हे मी स्वतः ओव्हन वापरणारी असूनही सांगते.

साठवण हा भाग लोक सोडून देतात आणि घोळ नेमका तिथंच होतो. कुकीज आतपर्यंत गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही, नाहीतर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. तिन्ही प्रकार वेगळ्या डब्यांत. गुळाची कुकी हवेतला ओलावा ओढते, नानकटाईच्या डब्यात ठेवलीत तर दोन्ही मऊ पडतात. आणि डबे कांदा-लसूण चटणीच्या बरणीशेजारी ठेवू नका. तूप आणि लोणी वास फार पटकन धरतात. डबा उघडल्यावर वेलचीच्या आधी चटणीचा वास आला की कळतं कपाट कुठलं ते. रविवारी सकाळी १४० अंशांवर पाच-सहा मिनिटं पुन्हा गरम करून जाळीवर गार केल्या, की ताज्या भाजल्यासारख्या होतात. चॉकलेटच्या कुकीला हे करू नका, आतले तुकडे वितळतात.

आता वाट्या. तीन पुरेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी श्रीखंडाची. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन जीभ शांत होत नाही. दुधातलं केसिन मात्र त्याला धरून जिभेवरून सोडवतं. तांबड्या रश्श्यानंतर माणसं आपसूक त्या वाटीकडे वळतात. दीड किलो घट्ट दही बांधलं तर साधारण ६०० ग्रॅम चक्का निघतो, दह्यावर कमी-जास्त. पावसाळ्यात बाहेर टांगू नका, आंबट होतो. चाळणीत फडकं घालून खाली भांडं ठेवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून द्या, मसाला लावलेल्या मटणापासून लांब आणि वर झाकण. चक्क्यात १८० ग्रॅम पिठीसाखर, केशर, जायफळ. जेवणातल्या श्रीखंडापेक्षा हे कमी गोड आणि जास्त घट्ट हवं. चमचा तिरका केला तर लगेच ओघळता कामा नये. कुकीवर घातल्यावर पाच मिनिटं जागच्या जागी राहिलं तर जमलं. वेळ नसेल तर वारणेचं तयार श्रीखंड आणून त्यात थोडा साधा चक्का फेटा, गोडी उतरते आणि घट्टपणा येतो.

दुसरी वाटी गुळाच्या सॉसची. २०० ग्रॅम गूळ चार चमचे पाण्यात वितळवा आणि गाळा. गाळणं चुकवू नका, चोथा आणि खर गुळात हमखास असते. पुन्हा गॅसवर ठेवून मधासारखा दाट होऊ द्या. मग गॅस बंद. आता इथं थांबायचं. गूळ आंबटसर असतो, उकळत्या गुळात साय किंवा दूध पडलं की फाटतं, हे गुळाची खीर करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. भांडं हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर ५० ग्रॅम लोणी, मग १०० मिली फ्रेश क्रीम, थोडं थोडं घालत ढवळायचं. शेवटी मिठाची चिमूट, आणि ती हात राखून नको, चांगली नीट घाला, मीठ असलं तरच या सॉसची चव वर येते. काकवी मिळाली तर हा खटाटोपही नको, काकवीत थोडं लोणी फेटलं तरी काम होतं.

तिसरी वाटी चॉकलेटची. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून, २०० मिली फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओतायचं, तीन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर ढवळत जायचं. गार हवेत हे घट्ट होतं. देताना वाटी कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवा. पाण्याचा एक थेंबही आत गेला नाही पाहिजे.

मध ठेवायचा तर पाटगावचा ठेवा, भुदरगड तालुक्यातलं हे मधाचं गाव आपल्या जिल्ह्यातच आहे. फक्त वर्षाच्या आतलं बाळ कोणाच्या कडेवर असेल तर त्याला मध चाटवू देऊ नका, त्या वयात मधातून विषबाधेचा धोका असतो.

कोरड्या टॉपिंगमध्ये चंदगड-आजऱ्याकडचे काजू भाजून मोठे तुकडे करा, खोबऱ्याचा कीस बदामी रंगावर भाजा, तासगावचे बेदाणे, भाजलेले तीळ, आणि पोरांसाठी रंगीत गोळ्या किंवा टुटीफ्रुटी. शेंगदाणा चिक्की आवडत असेल तर ती ऐनवेळी कुटा, आधी कुटलेली चिक्की या हवेत पुन्हा ढेकूळ होते. शेंगदाण्याची वाटी कडेला, वेगळ्या चमच्यासह. कोणाच्या पोराला शेंगदाणा चालत नसेल तर त्याच्या आईला आधीच सांगा.

फळांचा मोसम हा नव्हे. हापूस गेला, स्ट्रॉबेरी हिवाळ्याशिवाय नाही, आणि फ्रोझन स्ट्रॉबेरी वितळली की नुसतं पाणी सोडते. डाळिंब, केळी आणि उत्तरेकडून येणारे आलुबुखार एवढ्यावर भागवा. डाळिंबाचे दाणे फडक्यावर पसरून कोरडे करा. केळं अगदी शेवटी कापून लिंबाचा हात फिरवा, म्हणजे काळं पडणार नाही. फळं नेहमी स्वतःच्या वाटीत, ताटात मोकळी नाहीत.

ताट कोणतं? स्टीलची मोठी परात सगळ्यात सोयीची. आजींची पितळी परात फार शोभते, तिच्यात कोरड्या कुकीज खुशाल ठेवा, पण श्रीखंडासारखं आंबट बिनकल्हईच्या पितळेत थेट घालायचं नाही, त्याला काचेची वाटी. लाकडी पाट घेतलात तर वर बटर पेपर घाला, तूप लाकडात मुरतं आणि डाग जात नाही. केळीचं पान घालायची हौस असेल तर पुसून खडखडीत कोरडं करा आणि ते फक्त वाट्यांखाली. मातीच्या वाट्यांसाठी कोणी गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत जाणार असेल, तर सध्या तिथं गणपतींची घाई आहे, तुमच्या वाटीकडे बघायला कोणाला वेळ नाही.

एक मोठं ताट करू नका, दोन मध्यम करा. आपल्याकडच्या जेवणावळीत एक घोळका हॉलमध्ये असतो आणि एक आत स्वयंपाकघराशी. एकच ताट असलं तर आतल्या बायकांपर्यंत पोचेपर्यंत त्यात खोबऱ्याचा कीसच उरतो. प्रत्येक परातीत आधी तिन्ही वाट्या एकमेकींपासून लांब ठेवा, म्हणजे तीन बाजूंनी तीन हात एकदम पोचतात. मग वाट्यांच्या भोवती कुकीज एकीवर एक टेकवून कललेल्या, प्रकारागणिक वेगळ्या. राहिलेल्या फटींत काजू आणि बेदाणे. फटी सगळ्या भरल्याच पाहिजेत असं नाही, बोटं घालायला जागा हवी. प्रत्येक वाटीत स्वतःचा चमचा, आणि शेजारी छोट्या डिश, नाहीतर लोक कुकीच वाटीत बुडवतात आणि अर्धी खाऊन पुन्हा बुडवतात. एका कोपऱ्यात थोडं भडंग किंवा खारे काजू ठेवा. इतक्या गोडात मधेच खारं मिळालं की माणूस पुन्हा गोडाकडे वळतो. आणि मटण जिथं वाढलं त्याच टेबलावर हे ताट आणू नका. टेबल पुसलं तरी रश्श्याचा वास राहतो, आजींनाही ते रुचणार नाही.

कुकीजचा निम्माच साठा मांडा, बाकीचा डब्यात बंद. वाट्यांचंही तसंच, निम्मं फ्रीजमध्ये. दुधाचे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. बाहेर फिरलेल्या वाटीतलं उरलेलं परत फ्रीजमधल्या भांड्यात ओतायचं नाही.

फ्रीजमध्ये जे हात न लागलेलं राहिलं असेल त्याचं सोमवारी असं करा: मऊ पडलेल्या कुकीज हातानं चुरा, ग्लासात तळाला एक थर, वर श्रीखंड, वर गुळाचा सॉस, पुन्हा चुरा. दोन तास गार होऊ द्या. आदल्या दिवशी मऊ पडलं म्हणून जे कोणी उचललं नव्हतं, तेच इथं मऊ हवं असतं. उरलेलं चॉकलेट गार झाल्यावर चमच्यानं काढून कोकोत घोळवलं की पोरांच्या डब्यात लाडू म्हणून जातं.